डॉग शोमध्ये बक्षिसाआधी डॉक्टरी तपासणी सक्तीची हवी का?

घोडबंदरकर: ठाणे-नवी मुंबईतल्या डॉग शोंमध्ये जातीतला पहिला नंबर जाहीर झाला की आधी डॉक्टरांनी तो कुत्रा तपासावा आणि नापास झाला तर बक्षीस देऊ नये. इंग्लंडमध्ये क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोला 2012 मध्ये 15 जातींसाठी हे सुरू झालं. पहिल्याच वर्षी सहा जातींचे विजेते बाद झाले. बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड त्यांतलेच. छोटा टॉर्च सोडला तर कसलंही उपकरण लागत नाही. पापणीचे केस बुबुळाला घासतात का, पगच्या नाकावरच्या घडीत ओल किंवा लाली आहे का, कुत्रा लंगडतो का, नुसता उभा असतानाही घोरल्यासारखा श्वास घेतो का, एवढं बघायचं.

रिंगसाइड: साफ विरोध. क्रफ्ट्स मार्चच्या थंडीत बंदिस्त हॉलमध्ये होतं, आपले शो मैदानात मांडव टाकून. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो आणि आपल्या दमट हवेत जिभेवरची ओल लवकर वाळत नाही. भर दुपारी धडधाकट लॅब्राडोरही धापा टाकेल, त्याला बाद करणार? शिवाय नजरेला दिसतं तेवढंच सापडणार. जर्मन शेफर्डच्या खुब्यातला किंवा डोबरमनच्या हृदयातला दोष टॉर्चने दिसत नाही.

नेरूळ व्हेट: धाप आणि घरघर यांत फरक आहे. निरोगी कुत्र्याची धाप जोरात असली तरी मोकळी असते. नाकपुड्या चिमटलेल्या असल्या किंवा टाळूचा मऊ भाग लांब असला की श्वास आत घेताना आवाज अडकतो. त्यासाठी केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने (कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारी संस्था) 2019 मध्ये पग, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगसाठी आणलेली पद्धत घ्या. स्टेथोस्कोपने गळा ऐकायचा, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, लगेच पुन्हा ऐकायचं. ग्रेड 0 (त्रास नाही) ते 3 (तीव्र त्रास). 3 मिळालेल्याचं मेटिंग करू नये.

चुका होतात त्या अशा. गळ्यातला पट्टा ओढला की त्यानेच घरघर होते, म्हणून हार्नेस, म्हणजे छातीला बांधायचा पट्टा, लावा. रिंगमधून उत्तेजित होऊन आलेल्या कुत्र्याला आधी शांत होऊ द्या. तपासणी सकाळी, ऊन चढायच्या आत, सावलीत आणि भुंकाभुंकीपासून लांब ठेवा, नाहीतर गळ्याचा आवाज ऐकूच येणार नाही. हिरड्या निळसर दिसल्या तर तिथेच थांबायचं.

रिंगसाइड: चपट्या नाकाच्या जातींपुरतं हे मान्य, डॉक्टर. पण मग प्रवेश अर्जासोबतच कागद मागा. शेफर्डला खुब्याचा एक्स-रे, दोन वर्षं पूर्ण झाल्यानंतर आणि गुंगी देऊन काढलेला. जाग्या कुत्र्याचे स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे सांध्याचा ढिलेपणा झाकला जातो. कमर तिरकी पडली तर एक बाजू उगाच चांगली दिसते. फिल्मवर मायक्रोचिपचा नंबर नसेल तर त्या कुत्र्याच्या भावाचा एक्स-रेही खपून जातो! डोबरमनला दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि 24 तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठोके सतत नोंदवणारं यंत्र). ठोके अधूनमधून चुकतात, दोन मिनिटांच्या ईसीजीत ते सापडतीलच असं नाही.

खारीगाव: हे सगळं करून शोला येणारेच भरडले जाणार. फ्लॅटमध्ये वेत काढून फोनवर पिल्लं विकणारा शोला फिरकतही नाही. 2017 चे केंद्राचे ब्रीडिंग नियम आहेतच: राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, दीड वर्षाआधी मेटिंग नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. आधी ते पाळायला लावा.

घोडबंदरकर: तोच फ्लॅटवाला ‘चॅम्पियन लाइन’ म्हणून पिल्लं विकतो, आणि चॅम्पियन रिंगमध्येच ठरतो. घरघरणाऱ्या पगच्या गळ्यात रिबन पडली की पुढच्या हंगामात त्याच नराला सगळ्यात जास्त माद्या येतात. म्हणून रिबनच्या आधीच अडवायचं.

खारीगाव: मग बाद झालेल्याचं कारण लेखी द्या आणि तीच नोंद मायक्रोचिप नंबरसह केनेल क्लब ऑफ इंडियाकडे पाठवा. नाहीतर महिनाभरात तोच कुत्रा दुसऱ्या शहरात जिंकेल.

नेरूळ व्हेट: लेखी कारणाला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त नाकपुड्या किंवा टाळूचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही लिहा. कुत्र्याला आराम मिळतो हे खरं, पण पिल्लांना नाक आधीचंच मिळतं.