मदत हवी आहे : ठेकेदाराचं पीएफ चलन कसं तपासता?

मंडळी, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात अकाउंट्सला होतो, आता साहेबांनी अ‍ॅडमिन मॅनेजर केलंय, म्हणजे गेटपासपासून एसीच्या एएमसीपर्यंत (वर्षभराच्या देखभालीचा करार) सगळं माझ्याच गळ्यात भो. बाकी जमतं, पण सिक्युरिटी-हाउसकीपिंगचा ठेकेदार बिल बरोबर पाठवतो आणि पीएफ, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलन मागितलं की आज देतो उद्या देतो. १५ तारखेच्या आत भरायचं असतं, त्याने नाही भरलं तर कंपनीच्या अंगावर येतं, एवढं माहितीय. धुळे-भुसावळकडं कोणी हे काम करत असाल तर सांगा, ईसीआरमध्ये (पीएफ भरताना लागणारी कामगारांच्या नावांची ऑनलाइन यादी) आपल्याच पोरांची नावं आहेत का ते कसं पडताळता? आणि बिल अडवता का? अडवलं तर पोरांचाच पगार लटकतो ना. रिन्यूअलच्या तारखांची एक्सेल शीट असेल कोणाकडे तर तीपण टाका.