गरम झाली की गाडी बंद पडते, पी०३३५ कोड येतोय, क्रँक सेन्सर बदलू की वायरिंग बघू?

अडलाय_गिअर
मंडळी, पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर. थंड असताना झकास चालते पण इंजिन चांगलं तापलं की चालता चालता एकदम बंद, आधी मिसिंग नाही धक्के नाही, कुणीतरी चावी फिरवल्यासारखी. मग सेल्फ मारत बसा, इंजिन फिरतंय पण पेटत नाही, आणि अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की काही झालंच नाही अशी चालू होते. स्कॅनरवर पी०३३५ आहे, मध्येच पी०३४० (कॅम सेन्सरच्या सर्किटचा) पण दिसला होता. मेकॅनिक म्हणतोय क्रँक कॅम दोन्ही सेन्सर (इंजिनचे ते दोन शाफ्ट कुठे फिरतायत ते सांगणारे) बदलू आणि जमलं तर टायमिंग चेन पण उघडून बघू. माझ्याकडे मल्टीमीटर आणि साधा स्कॅनर आहे, स्कोप (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) नाही. घरच्या घरी खात्री कशी करायची?

पाना_नंबर_दहा
चेनचं डोक्यातून काढून टाक आधी. ताणलेली चेन अर्ध्या तासात परत घट्ट होत नाही, आणि तिचा कोड सहसा पी००१६ येतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये असा. तुझा पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किटमध्ये हं, सेन्सरमध्ये असं तो म्हणत नाही. वायर, कनेक्टर, अर्थिंग सगळं त्यात आलं.

आता गाडी बंद पडली की तिथल्या तिथेच स्कॅनर लाव, लाइव्ह डेटात आरपीएम काढ आणि सेल्फ मार. १५० ते २५० च्या आसपास आकडा दिसला तर क्रँकचा सिग्नल येतोय, मग फ्युएल पंपाकडे वळ. शून्यच राहिला तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये, म्हणून तो स्पार्क पण देत नाही आणि इंजेक्टर पण उघडत नाही. थंड झाल्यावर ही टेस्ट करून उपयोग नाही, तेव्हा सगळं ओकेच दिसणार.

तांब्याची_तार
वरच्याशी सहमत. पुढचं म्हणजे सेन्सरला वायरी किती ते मोज. दोन असतील तर बहुतेक कॉइलवाला (आत तारेचं वेटोळं असलेला), त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, बऱ्याच गाड्यांत ५०० ते १५०० ओहमच्या मध्ये असतो पण तुझ्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्येच बघ. थंडपणी बरोबर आणि तापल्यावर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवला तर आतली तार तुटलीये, तापली की टोकं लांब जातात. तीन वायरी असतील तर बहुतेक हॉलवाला (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा इलेक्ट्रॉनिक), त्यावर ओहम मोजत बसू नको, त्यातून काही कळत नाही. कनेक्टर काढ, चावी ऑन कर आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला व्होल्ट बघ: एका पिनवर सप्लाय (५ किंवा १२), एक अर्थ, आणि तिसऱ्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयूकडून आलेले ५ व्होल्ट.

आणि पी०३४० सोबत येतोय म्हणून दोन्ही सेन्सर एकदम मेले असं कुणी सांगितलं तर ऐकू नको. काही गाड्यांत दोघांचा सप्लाय एकच असतो, एक वायर कुठे घासली की दोन्ही कोड पडतात.

अडलाय_गिअर
आज बंद पडल्यावर बघितलं, आरपीएम शून्य. वायरी तीन. सप्लाय ५.० व्होल्ट आणि अर्थ ठीक, पण तिसऱ्या पिनवर कधी ५ कधी ०, हार्नेस हलवला की बदलतंय. मेकॅनिकला सांगितलं तर म्हणे सेन्सर बदलल्याशिवाय कळणार नाही 🙄

तांब्याची_तार
अरे पण मोजताना सेन्सर तर निघालेलाच होता ना, मग तो कसा दोषी? सिग्नलची वायरच आहे ती. एक्झॉस्टजवळून किंवा एखाद्या ब्रॅकेटवरून हार्नेस जातो तिथे टेप सोडून बघ, वरचं प्लॅस्टिक अखंड दिसतं पण आत तांबं हिरवं पडलेलं किंवा तुटलेलं असतं. दिसलं नाही तर बॅटरी काढून सेन्सरच्या पिनपासून ईसीयूच्या पिनपर्यंत कंटिन्युइटी (मल्टीमीटरचा बीपवाला मोड) लाव आणि दुसऱ्या हाताने इंच इंच वाकवत जा, बीप जिथे तुटेल तिथे सापडलं. मग नुसती पिळून टेप मारू नको, सोल्डर करून हीट श्रिंक चढव आणि हार्नेस गरम भागापासून लांब बांध.

पाना_नंबर_दहा
एवढं केल्यावर सेन्सर बाहेर काढून टोक पण पुसून घे, चुंबक असतो त्यात, लोखंडाचा चुरा चिकटून सिग्नल बिघडतो. परत बसवताना ओ रिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरव आणि बोल्ट हाताने लावून मग हलकाच कस, साधारण ८ ते १० न्यूटन मीटरच असतो, जास्त कसला तर प्लॅस्टिकचा कान फुटतो. कोड क्लिअर करून गाडी चांगली तापेपर्यंत चालव. काही गाड्यांना सेन्सर बदलला की स्कॅनरने क्रँक रीलर्न (ईसीयूला नवा सेन्सर शिकवणं) मारावं लागतं, तुझा सेन्सर तोच राहतोय तेव्हा त्याची गरज पडायला नको.