जळगावचा मे आणि निफाडचा डिसेंबर, दोन्हींना चालेल असं एकच जॅकेट? बजेट आठ हजार

केळीपट्टा_एमआर

मंडळी, मी एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. जळगाव, भुसावळ, सावदा, रावेर करत रोजचे सव्वाशे किलोमीटर होतात. गाडी शाईन, सात वर्षं जुनी. आजवर फुल शर्ट, तोंडाला रुमाल आणि आयएसआयचं फुल फेस हेल्मेट एवढ्यावर भागवलं. गेल्या महिन्यात फैजपूरच्या अलीकडे रस्त्यावर सांडलेल्या केळीच्या पाल्यावरून पुढचं चाक सरकलं. वेग तीसच असेल, पण उजवं कोपर सोललं. पंधरा दिवस डॉक्टरांसमोर बॅग उघडताना बाही जखमेला चिकटलेली. बायकोने सांगून टाकलंय, जॅकेट घ्या नाहीतर एसटी धरा.

सासुरवाडी निफाडची. डिसेंबरात तिकडेही गाडीनेच जाणं होतं, आणि तिथली पहाट माहीत असणाऱ्यांना जास्त सांगायला नको. दोन जॅकेटं परवडणार नाहीत. दुकानदार आत दोन अस्तरं असलेलं थ्री-इन-वन दाखवतोय, म्हणतो बारा महिने चालेल. एसीत घालून बघितलं तर झकास वाटलं, फूटपाथवर दोन मिनिटं उभा राहिलो तर पाठ भिजली. हातमोजेही याच आठ हजारांत बसवायचेत. काय करू?

पिस्टन_पुणे

आठमध्ये काही होत नाही. पंचवीस काढा, एकदाच चांगलं घ्या.

ओट्यावरचा

पुणेकर, पंचवीस हजारांत त्यांची अर्धी गाडी येईल.

एमआर भाऊ, मी धुळ्याचा, ट्रॅक्टरचे पार्ट विकत अकरा वर्षं गाडीवर फिरतोय. थ्री-इन-वन घेऊ नका. मी घेतलं होतं. मार्चअखेरीस ते खुंटीला गेलं ते दिवाळीनंतर उतरलं. आणि मी पडलो कधी? मेमध्ये, फुल शर्टावर.

जाळीचं घ्या, दुकानात मेश म्हणतात. छाती-पाठ जाळीची चालेल, पण खांदे आणि कोपराची बाहेरची बाजू घट्ट विणीच्या जाड कापडाचीच हवी, कारण डांबरावर तीच घासत जाते. पाच-साडेपाच हजारांपासून बरी मिळतात. रायनॉक्स, सोलेस, रायडा, व्हायाटेरा, सगळे आपल्याच देशातले. पण नावापेक्षा खांद्या-कोपरात आत बसवलेले पॅड बघा.

चेन उघडून पॅड बाहेर काढायला लावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. पॅडवरच मोटरसायकलस्वाराचं चित्र, ईएन १६२१-१ (हे अशा पॅडचं युरोपीय मानक) आणि लेव्हल १ किंवा २ असं उमटवलेलं असतं. मार बसला की लेव्हल १ चा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत जाऊ देतो, लेव्हल २ चा २० पर्यंतच. त्यावर इंग्रजी टी आणि पुढे अधिकचं चिन्ह दिसलं तर तो ४० अंशांतही तपासलेला आहे, आपल्या भागाला तोच बरा. माझ्या त्या जॅकेटच्या बाहीवर सोनेरी दोऱ्याने ‘सीई’, म्हणजे युरोपीय मानकाची खूण, भरलेली होती. पडल्यावर उसवून बघितलं तर आत भांडी घासायच्या स्पंजसारखा तुकडा. पाठीला बहुतेक स्वस्त जॅकेटांत नुसता फोम येतो. तिथला खरा पॅड पुढच्या इन्सेंटिव्हला घ्या, त्यावर १६२१-२ लिहिलेलं असतं.

आता उन्हाचं. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास. हवा त्याच्या खाली असेल तोवर वारा गार करतो. ४४ मध्ये तोच वारा अंग भाजतो, घाम कळायच्या आत सुकतो, नि रावेरला पोचेपर्यंत डोकं दुखायला लागतं. म्हणून बाहीचं सुती बनियन भिजवून, पिळून आत घाला आणि वरून जॅकेटची चेन पूर्ण लावा. सावद्यापुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या की एकदम गारवा जाणवतो ना, हिशेब तोच. अर्ध्या तासाने सुकतं, मग पुन्हा नळ शोधायचा.

थंडीला जाड काही घेऊ नका, वारा अडवा. १० अंशांत साठच्या वेगाने जाताना उघड्या कातडीला ५ अंशांसारखं झोंबतं. घरातला रेनकोट जॅकेटच्या वरून घाला, आतून नाही. आत घातला तर वारा जाळीतून येऊन त्यालाच गार करत बसतो. वरून घातला की जाळीतली हवा अडकते आणि तीच ऊब देते. एक साईझ मोठा हवा मात्र, नाहीतर हात वर होत नाहीत. आत थर्मल, त्यावर स्वेटर. निफाड निघून जाईल.

कुंभार्ली_उतरताना

ओट्यावरचे दादा, ओल्या बनियनचं तुमच्या कोरड्या हवेत ठीक आहे. मी चिपळूणची. इथे मेमध्ये हवेतच इतकं पाणी असतं की अंगावरचा घाम सुकत नाही, तिथे बनियन काय सुकणार! कोकणातल्या कुणी हे वाचून बादलीकडे धावू नये.

एमआर दादा, आरशासमोर उभं राहून जॅकेट घेऊ नका. गाडीवर बसा, हँडल धरा, मग कोपराचा पॅड कोपरावरच आहे का बघा. माझा पहिला पॅड मनगटाकडे निम्मा उतरलेला होता, मापच पुरुषांचं.

लोकरीचे हातमोजे तर मुळीच नकोत. वारा आरपार जातो आणि ब्रेकच्या लिव्हरवर बोटं सरकतात. तळव्याला कडक पट्टी असलेले साधे रायडिंगचे घ्या. मनगटाचा पट्टा बांधून वहिनींना बोटांकडून ओढायला सांगा. निघून आले तर परत ठेवा. कडाक्याच्या थंडीत मी आत दवाखान्यातले पातळ रबरी मोजे घालते, तुमच्या ओळखीत तर ते ढिगाने असतील.

आणि गुडघ्यांचं कुणी बोललंच नाही. पँटवरून बांधायचे नी-गार्ड घ्या, दवाखान्याच्या पायरीवर काढून डिकीत टाकता येतात.

केळीपट्टा_एमआर

ताई, शाईनला डिकी नसते, पण मुद्दा पोचला.

झाली खरेदी. जाळीचं जॅकेट ५,६००, लेव्हल २, टी-अधिक आहे, पॅड दुकानदाराच्या नाकासमोर काढून बघितलं. हातमोजे १,२५०. बायकोने दोन जोड्या ओढून काढल्या, तिसरी राहिली. नी-गार्ड ९००. रेनकोट धाकट्या भावाचा, तो माझ्याहून जाड.

आज पारा ४३. कडक शर्ट घडी करून बॅगेत सॅम्पलच्या खोक्यांवर, अंगात ओलं बनियन. सावद्याला दवाखान्यामागच्या नळावर पुन्हा भिजवत होतो, तर कंपाउंडरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “साहेब, घरी पाणी नाही येत का?”