मदत हवी आहे: कमी नेटवर्कमध्ये गंभीर गरोदर मातांसाठी टेली-सल्ला

नमस्कार मंडळी. देवलापार, पारशिवनीकडच्या प्रसूतिकक्षांना नागपुरातल्या स्त्रीरोग आणि अतिदक्षता तज्ज्ञांशी व्हिडिओवर जोडायची आखणी चालू आहे. जंगलपट्ट्यात नेटवर्क जातं, म्हणून चित्र थांबलं तरी बीपी, नाडी, श्वास आणि तासाची लघवी हे आकडे पोचलेच पाहिजेत. नाडीला वरच्या बीपीने भागून 0.9 च्या वर आलं, की रक्तस्राव कमी दिसला तरी सल्ला मागायचा. डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो.

सगळ्यात काळजी गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांची (एक्लॅम्पसिया). तिथे कॉल लागायची वाट बघायची नाही: मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. दर 4 तासांचा पुढचा डोस गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडत असेल (रिफ्लेक्स), श्वास मिनिटाला किमान 16 आणि लघवी तासाला 30 मिली असेल तरच. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशीच हवं.

मल्टिपॅरा मॉनिटरचे (बीपी, नाडी वगैरे एकत्र दाखवणारं यंत्र) आकडे टूजीवर आपोआप पाठवणारी जोडणी कुणी चालवली आहे का? दोन सिमचा राउटर पुरतो का? व्हिडिओवर तोंडी सांगितलेला डोस कोणाच्या सहीने नोंदवता? आणि 108 निघाल्यावर वाटेतला सल्ला कोण देतं, पाठवणारे की घेणारे?