'दुखापतग्रस्त' म्हणावं की आणखी काही?

बोरूबहाद्दर: फ्रेंच फुटबॉलपटू उस्मान डेंबेलेवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. बार्सिलोना क्लबातल्या वर्षांबद्दल मुळात 'इंज्युरी-प्रोन', म्हणजे सारख्या दुखापती होणारा, हा शब्द दर परिच्छेदात येतो. मी 'दुखापतग्रस्त' लिहिलं. संपादकबाईंनी खोडलं. म्हणे ग्रस्त म्हणजे आज जखमी. हा तर २०२५ चा बॅलन डी'ओर, जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घेऊन बसलाय! तुम्ही काय लिहाल?

पाटीवाचक: दुखापतप्रवण. अपघातप्रवण, दरडप्रवण चालतं, मग हेच का नको?

रंकाळावेस: कारण डेंबेले माणूस आहे, कसारा घाट नव्हे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर कुणी 'प्रवण' म्हणालं तर लोक मॅच सोडून त्याच्याकडं बघतील. 'सारखा जायबंदी' लिवा की राव.

शेषशाई: जायबंदी म्हणजे कायमचा निकामी. आमचे आजोबा लढाईत हातपाय गेलेल्यालाच जायबंदी म्हणत. फारसी 'जाय' म्हणजे जागा. जो जागीच बांधला गेला तो.

वाळवी: ही ओढाताण झाली. मला त्यात 'जाया' दिसतो, वाया गेलेला. बार्सिलोनानं १० कोटी ५० लाख युरो मोजून नेमारच्या जागी आणला आणि महिन्याभरात मांडी गेली, म्हणजे पैसे जायाच की.

शेषशाई: म्हणजे व्युत्पत्ती बार्सिलोनाच्या हिशेबवहीवरून ठरवायची?

बोरूबहाद्दर: मंडळी, मूळ प्रश्न… बरं, अजून एक अडलंय. सप्टेंबर २०१७, गेटाफेविरुद्ध टाचेनं चेंडू मागं घालायला गेला आणि मांडीमागची हॅमस्ट्रिंग तुटली. हॅमस्ट्रिंगला काय?

शुद्धमती: धोंडशीर! मराठी बायबलात यहोशवा शत्रूच्या घोड्यांच्या धोंडशिरा तोडतो. चांगला शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला?

रंकाळावेस: धोंडशीर टाचेच्या वर असते ताई. आमची आजी तिथंच तेल चोळायची.

मालीशवाला: फिजिओथेरपीत आहे म्हणून बोलतो. खुर्चीत बसा, टाच जमिनीत रोवून मागे ओढा आणि गुडघ्यामागे बोटं घाला. दोन्ही बाजूंना ताठ दोऱ्या लागतील. बाहेरची दोरी ज्या स्नायूची, त्याचीच कंडरा डेंबेलेची तुटली. हॅमस्ट्रिंग हा तीन स्नायूंचा गट आहे, एक शीर नव्हे. भरधाव धावताना पाय पुढं झेपावतो, तेव्हा हे स्नायू ताणलेले असतानाच त्याला लगाम घालतात. फाटतात ते बहुतेक तिथं. आणि एकदा फाटलेला पुन्हा फाटण्याची भीती जास्त. जानेवारी २०१८ मध्ये परतला आणि लगेच पुन्हा मांडीच. २०२० ला उजवी मांडी, शस्त्रक्रिया; २०२१ च्या युरो स्पर्धेत हंगेरीविरुद्ध गुडघा. असल्या माणसाला नाजूक म्हणणं मला पटत नाही, त्याचा वेगच त्याला महागात पडला.

पाटीवाचक: मग 'दुखणं उलटणे' आहे की आपल्याकडे. ताप उलटतो तसं.

वाळवी: मांडी उलटली, मग गुडघा उलटला? गुडघ्याचं दुखणं तर नवीनच होतं.

लिंबूटिंबू: 'तोळामासा प्रकृतीचा'? 'सदा दुखणेकरी'?

शेषशाई: दुखणेकरी खाटेवर असतो. हा २०१८ चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता.

रंकाळावेस: स्पॅनिशमधी असल्या खेळाडूला 'काचेचा' म्हणत्यात. तेच लिवा.

शुद्धमती: म्हणजे इंग्रजीची नको, स्पॅनिशची उसनवारी चालेल!

मालीशवाला: 'वारंवार दुखापती होणारा' लिहिलं तर काय बिघडेल? शब्द एकच हवा असं कुणी सांगितलं?

बोरूबहाद्दर: दर परिच्छेदात 'वारंवार दुखापती होणारा' लिहू? शब्दमर्यादा बाराशे आहे हो.

लिंबूटिंबू: आधी डेंबेले की देंबेले ते ठरवा. फ्रेंचांचा 'द' दाताला लागतो.

रंकाळावेस: आता सुरू झालं.

शुद्धमती: लिंबूटिंबू बरोबर बोलताहेत. देंबेलेच. पॅरिसला पारी म्हणायला मात्र लावू नका.