मदत हवी आहे : प्रार्थना अर्ध्यातच अडते

नमस्कार. ख्रिस्ती घरात वाढलो, बाप्तिस्मा झाला, दृढीकरणही (स्वतःच्या तोंडून विश्वास पक्का करण्याचा चर्चमधला विधी) झालं. पण आई गेल्यापासून रात्री प्रभूची प्रार्थना सुरू करतो आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे जीभ अडते. पुढचं तोंडपाठ आहे, तरी येत नाही. मग मोबाइल हातात घेतो आणि झोप लागेपर्यंत तेच.

आमच्या पाळकांना विचारलं, तर 'आणखी प्रार्थना करा' म्हणाले. (अहो, तीच तर जमत नाहीये!)

विज्ञान, उत्क्रांती वगैरेंमुळे माझा घोळ नाही. पलीकडून काहीच ऐकू येत नाही, हे सोसवत नाही.

बायबलमध्ये संशयाला जागा आहे, हे ठाऊक आहे. योहान 20 मध्ये शिष्य थोमा, येशू पुन्हा जिवंत झाला हे त्याच्या जखमा पाहिल्याशिवाय मानत नाही, तरी येशू त्याला झिडकारत नाही, आठ दिवसांनी येऊन हात पुढे करतो. पण मला जवळचा वाटतो तो मार्क 9:24 मधला आजारी मुलाचा बाप. एका दमात विश्वासही कबूल करतो आणि अविश्वासही. मदर तेरेसांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रंही चाळली. कित्येक वर्षं देव जाणवत नसताना त्या काम करत राहिल्या. पण त्या मदर तेरेसा!

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा. तेव्हा उपासनेला जात राहिलात का? प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेतलंत की थांबलात? स्वतःचे शब्द आटल्यावर बायबलमधलं स्तोत्र 88 कुणी म्हटलंय का? ते अंधारातच संपतं, म्हणून विचारतोय. वाद नकोत, अनुभव हवेत.