'लोकस ऑफ कंट्रोल'ला मराठीत काय म्हणायचं?

आरोग्य आणि कामाचा ताण यावरच्या एका ट्रेनिंगच्या हँडआउटचं मराठी करतेय, त्यात लोकस ऑफ कंट्रोल सतत येतंय, म्हणजे आपल्या बाबतीत जे घडतं त्याची सूत्रं आपल्या हातात की बाहेर, नशिबाच्या किंवा इतरांच्या, ती कल्पना. गणितात लोकसला बिंदुपथ म्हणतात म्हणून आधीच्या कुणीतरी 'नियंत्रण बिंदुपथ' करून ठेवलंय, वाचून काही बोध होत नाही. नियंत्रणस्थान चालेल? की सूत्रं हातात असणं यावरून सूत्रस्थान करू?

---

सूत्रस्थान नको, चरकसंहितेच्या पहिल्या विभागाचं नावच ते आहे आणि तुमचा विषय पण आरोग्य, घोळ होणार. नियंत्रणस्थान शब्दशः बरोबर आहे पण मुद्दा निसटतो. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ रॉटरने १९६६ मध्ये छापलेल्या प्रश्नावलीत विधानांच्या २९ जोड्या आहेत, प्रत्येकीतलं पटेल ते एक निवडायचं, आणि त्यातून सूत्रं खरंच कुणाच्या हातात आहेत ते कळत नाही, माणसाला तसं वाटतं का एवढंच कळतं. हे 'वाटणं' शब्दात यायलाच हवं. मी तर 'नियंत्रणाविषयीची समजूत' लिहीन.

---

समजूत म्हटलं की ती चुकीचीच असणार असं वाटतं हो, धारणा बरा.

आरोग्यापुरतं बोलायचं तर नुसतं आंतरिक-बाह्य, म्हणजे आपल्या हातात की बाहेर, एवढं करून भागत नाही. १९७८ च्या वॉलस्टन या संशोधकांच्या आरोग्यावरच्या प्रश्नावलीत तीन भाग आहेत, स्वतः, नशीब आणि वजनदार इतर माणसं म्हणजे डॉक्टर वगैरे. मला आधी वाटलं स्वाधीन, दैवाधीन, पराधीन, किती छान बसतंय! पण 'पोलिसांच्या स्वाधीन केलं' म्हणतो तेव्हा अर्थ बरोब्बर उलटा होतो. आणि पराधीन फार बिचारा शब्द आहे. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, कधीही विचारा, 'डॉक्टर म्हणतील तसं'. पण वहीत तारखेसमोर शुगरचा आकडा रोज लिहितात, गोळी एकदाही चुकलेली नाही. या माणसाला पराधीन कसं म्हणू? त्यांचा डॉक्टरांवर भरवसा आहे. मी तिसऱ्याला 'डॉक्टरांवर भिस्त' असंच सरळ लिहीन.

---

भिस्त आवडला, घेते. आता कामाच्या भागात जॉब कंट्रोल आलंय, त्यालाही नियंत्रणाची धारणाच म्हणू का?

---

नाही नाही, तिथे कृपया वेगळा शब्द घ्या. जॉब कंट्रोल म्हणजे काम कसं करायचं, कधी करायचं हे ठरवायची मोकळीक, आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, मुभा. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसलं की ज्यांना कामात अशी मुभा कमी त्यांच्यात हृदयविकार जास्त. हा कामाच्या रचनेचा प्रश्न आहे, स्वभावाचा नाही. दोन्हीकडे धारणा लिहिलंत तर ज्या बाईला साधी सुट्टी कधी घ्यायची हेही ठरवता येत नाही ती वाचेल आणि म्हणेल माझाच विचार करण्यात काहीतरी चुकतंय. तिला मुभाच नाहीये, ते तसंच लिहा.

---

हो, बदलते. आणि तो बिंदुपथ आधी काढते.